इम्पेल डाउनचे जेलर बीस्ट: महाकाय पहारेकऱ्यांची तुकडी चालते कशी आणि हरते का

‘वन पीस’ या जपानी मांगा-ॲनिमे मालिकेच्या जगात समुद्राखाली एक तुरुंग आहे, इम्पेल डाउन. तिथल्या पहाऱ्यावर चार महाकाय प्राणी आहेत: बैलाच्या रूपातला मिनोटॉरस, गेंड्याचा मिनोराइनोसेरॉस, कोआलाचा मिनोकोआला आणि झेब्र्याचा मिनोझेब्रा. चौघंही माणसासारखे दोन पायांवर चालतात, साध्या शिपायाच्या कितीतरी पट मोठे आहेत, तोंडातून शब्द काढत नाहीत आणि बेदम मार खाऊन पडले तरी थोड्या वेळाने पुन्हा उठून उभे राहतात. यांना ‘जेलर बीस्ट’ म्हणतात.

बरेच प्रेक्षक या चौघांकडे वाटेतला एक अडथळा म्हणून बघतात आणि पुढे सरकतात. ते फार वाईट वाटतं, कारण डेव्हिल फ्रूट, म्हणजे खाणाऱ्याला अद्भुत शक्ती देणारं फळ, त्याच्या ‘अवेकनिंग’ची, म्हणजे पूर्ण जागं होण्याची, गोष्ट या मालिकेत पहिल्यांदा निघाली ती याच चौघांच्या निमित्ताने. शिवाय वर्ल्ड गव्हर्नमेंटला पहारेकरी म्हणून कोण हवं असतं, याचं इतकं उघड उत्तर दुसरीकडे कुठे सापडत नाही. पुढे इम्पेल डाउन आणि एनीस लॉबी या दोन्ही पर्वांतल्या घटना आहेत, आणि मालिकेचा नायक लूफी याच्या ‘गिअर ५’ या रूपाचाही उल्लेख आहे. तिथपर्यंत पाहिलं नसेल तर आधी पाहून घ्या.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करू. जेलर बीस्ट हे ‘जायंट’ नाहीत. या जगात जायंट ही एक वेगळी जमात आहे, त्यांचा सगळ्यात नावाजलेला देश एल्बाफ, आणि ते साधारण ३०० वर्षं जगतात. जेलर बीस्ट हे डेव्हिल फ्रूट खाल्लेले लोक आहेत. त्यांचा आकार जन्माने आलेला नाही, फळाने आलेला आहे. मिनोटॉरस आणि एनीस लॉबीच्या दारावरचा ओइमो नावाचा जायंट शेजारी उभे केले तर दोघंही ‘राक्षसी पहारेकरी’ वाटतील, पण एक बनवलेला आणि एक जन्मलेला.

तुरुंग कसा रचलाय

पहारेकरी समजून घ्यायचा तर आधी जागा बघावी लागते. इम्पेल डाउन आहे ‘काम बेल्ट’मध्ये, म्हणजे समुद्राच्या अशा पट्ट्यात जिथे वाराही नाही आणि प्रवाहही नाही. साधं शिडाचं जहाज तिथे अडकून पडतं आणि खालून सी किंग नावाचे अजस्र समुद्रप्राणी वर येतात. नौदलाची जहाजं जाऊ शकतात, कारण त्यांच्या बुडाला ‘सी-स्टोन’ नावाच्या दगडाचा थर असतो आणि सी किंगना वर जहाज आहे हे कळत नाही. तुरुंगाभोवती युद्धनौकांचा वेढा. नौदलाचं मुख्यालय मरीनफोर्ड, सरकारचं न्यायाचं बेट एनीस लॉबी आणि इम्पेल डाउन या तीन ठिकाणांना जोडणारा एक गोल फिरणारा प्रवाह आहे, आणि त्यावर ‘गेट्स ऑफ जस्टिस’ नावाचे प्रचंड दरवाजे. दरवाजे बंद असले की पुढे जाता येत नाही. म्हणजे कैदी इमारतीतून सुटला तरी तो समुद्रात कैदच.

इमारत वरून खाली जाते. जितका कैदी धोकादायक, तितका तो खाली. केवळ बक्षिसाच्या रकमेवर हे ठरत नाही: बगी जोकरवर १.५ कोटी बेरीचं बक्षीस, तो सगळ्यात वरच्या लेव्हल १ वर. क्रोकोडाइलचं गोठवलेलं जुनं बक्षीस ८.१ कोटी, म्हणजे त्या वेळच्या लूफीच्या ३० कोटींपेक्षा कितीतरी कमी, तरी तो लेव्हल ६ वर. एक अख्खं राज्य गिळंकृत करायला निघालेला माणूस त्याच्या आकड्यापेक्षा मोठा धोका आहे, हे तुरुंगाला कळतं.

आत येताना प्रत्येक कैद्याला उकळत्या पाण्यात बुडवतात. मग त्याची लेव्हल. पहिल्या लेव्हलवर तलवारीसारख्या पानांची झाडं आणि सुयांसारखं गवत. कैदी पळत राहतात आणि रक्ताळतात. दुसरीवर हिंस्र प्राणी. तिसरीवर उपासमार आणि कोरडी होरपळ, कारण खालच्या मजल्याची उष्णता वर येते. चौथीवर आगीचा समुद्र आणि उकळत्या रक्ताचं तळं. पाचवीवर हाडं गोठवणारी थंडी आणि लांडगे. सहावी ही अशा लोकांसाठी, ज्यांचं अस्तित्वच जगाच्या नोंदीतून पुसायचं आहे.

यात एक धोरण आहे. प्रत्येक मजला कैद्याची एकेक ताकद काढून घेतो: रक्त, धीर, पाणी, चामडी, बोटं. साधा कैदी दुसऱ्या मजल्यापर्यंत आला तरी पुढे काही करण्याजोगा राहत नाही. पहारेकऱ्याने त्याला ‘हरवायचं’ नसतं, संपवायचं असतं. जेलर बीस्ट या जागेसाठी घडवलेले आहेत. समोरचा माणूस आधीच अर्धमेला आहे असं धरून चालणारी ही तुकडी आहे. पुढे काय बिघडलं त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

कोणाच्या हाताखाली

सगळ्यात वर वॉर्डन मॅजेलन, ज्याने विषाचं फळ खाल्लंय. त्याच्याखाली व्हाइस वॉर्डन हॅन्याबल, ज्याला वॉर्डनची खुर्ची हवी आहे आणि तो ते लपवतही नाही. मग मुख्य जेलर सादी. चाबूक घेऊन फिरणारी आणि कैद्यांच्या किंकाळ्यांत रमणारी ही बाई जेलर बीस्टची मालकीण. तिचा हुकूम आला की चौघं हलतात. कुऱ्हाडी घेऊन फिरणारे निळे गोरिले, म्हणजे ‘ब्लुगोरी’, ही वेगळी तुकडी. ती साल्डेथ नावाच्या अधिकाऱ्याच्या बासरीवर चालते. दोन तुकड्या, दोन वेगळे चालक, आणि दोन्हींत स्वतःहून निर्णय घेणारं कोणी नाही.

मॅजेलनचा दिवस कसा जातो हे कथेत आकड्यांत सांगितलंय: पोट कायम बिघडलेलं असल्यामुळे १० तास शौचालयात, ८ तास झोप, २ तास जेवण आणि विश्रांती. उरले ४ तास, तेवढंच काम. हसायला येतं, पण ही माहिती फार कामाची आहे. तुरुंगातला सगळ्यात ताकदवान माणूस २४ पैकी २० तास जागेवर नसतो. ती पोकळी भरायला जेलर बीस्टसारखे न झोपणारे, न कुरकुरणारे पहारेकरी लागतात.

आणखी एक अडचण. मॅजेलनचं विष कोण कैदी आणि कोण शिपाई हे बघत नाही. तो लढायला उतरला की त्याच्याच माणसांना पळ काढावा लागतो, आणि त्याचा शेवटचा प्रकार, विषारी राक्षस, अख्खा तुरुंग उद्ध्वस्त करू शकतो म्हणून निषिद्ध मानलेला आहे. म्हणजे तुरुंगाची दोन सगळ्यात मोठी शस्त्रं, मॅजेलन आणि जेलर बीस्ट, एकाच खोलीत एकाच वेळी नीट वापरता येत नाहीत. कागदावर दोन्हींची बेरीज होते. प्रत्यक्षात एक आलं की दुसऱ्याने बाजूला व्हायचं.

अवेकनिंग: हे उठतात कसे?

आता खरा अवघड भाग. डेव्हिल फ्रूटचे तीन गट आहेत. पॅरामिसिया: शरीराला किंवा स्पर्शाला एखादा विचित्र गुण येतो. लोगिया: शरीरच वाळू, आग, बर्फ, धूर होऊ शकतं. झोअन: माणूस प्राण्याचं रूप घेऊ शकतो. कोणतंही फळ खाल्लं की पोहता येत नाही, आणि सी-स्टोनचा स्पर्श झाला की ताकद जाते. म्हणूनच इम्पेल डाउनमध्ये फळ खाल्लेल्या कैद्यांना सी-स्टोनच्या बेड्या असतात.

झोअन वापरणाऱ्याकडे साधारण तीन रूपं असतात: माणूस, पूर्ण प्राणी आणि दोन्हींचं मिश्रण. एनीस लॉबीतला रॉब लुची बिबट्याचं फळ खाल्लेला आहे. तो मिश्र रूपात गेला की उंच होतो, जोरकस होतो, पण बोलतो, विचार करतो, डाव आखतो आणि हवं तेव्हा माणूस होतो. शरीर वाढलं, मालक तोच राहिला. निरोगी झोअन असा असतो.

जेलर बीस्टमध्ये हे तिन्ही दिसत नाही. ते कायम मिश्र रूपातच असतात. बोलत नाहीत. आणि पडले की उठतात. लूफीच्या बाजूने लढणाऱ्यांना हेच कळेना: इतका मार खाऊन हा पुन्हा आला कसा? त्याचं उत्तर क्रोकोडाइलने दिलं. हे झोअन ‘अवेकन’ झालेले आहेत, आणि विलक्षण टणकपणा आणि झपाट्याने सावरणं ही अशा झोअनची खूण आहे, असं तो सांगतो. दोन वाक्यांत विषय संपतो आणि पळापळ पुढे चालू होते. अनेकांच्या नजरेतून ते निसटतं, आणि मग कित्येक वर्षांनी मोठ्या लढायांमध्ये ‘अवेकनिंग’ शब्द आला की वाटतं ही कल्पना नंतर घुसवली. ती आधीपासून इथे होती, एका बैलाच्या अंगावर.

अवेकनिंग म्हणजे फळाची ताकद वापरणाऱ्याच्या सरावापलीकडे जाऊन पूर्ण उघडणं. पॅरामिसियात ती बाहेर पसरते: ड्रेसरोझामध्ये दोफ्लामिंगो आपल्या आसपासच्या इमारती आणि जमीनच दोऱ्यांमध्ये बदलून टाकतो. झोअनमध्ये तीच ताकद आत मुरते. शरीर मोठं होतं, जखमा लवकर भरतात, दम टिकतो. म्हणून जेलर बीस्टला हरवण्याचा ‘एक जोरदार फटका’ हा मार्ग कायमचा नसतो. तो फक्त वेळ विकत घेतो. पुढे सरकायचं असेल तर त्या मिळालेल्या वेळात जिना गाठायचा.

पण मोबदला काय? वानोच्या लढाईत, लूफीचं फळ खरं कोणतं हे उघड होतं त्या वेळी, वर्ल्ड गव्हर्नमेंटचे सर्वोच्च पाच एल्डर एक गोष्ट बोलून जातात: झोअन फळांमध्ये स्वतःची इच्छा वसते. हे वाक्य आणि इम्पेल डाउनचे मुके पहारेकरी एकत्र ठेवले की चित्र जुळतं. फळ पूर्ण जागं झालं आणि माणूस कच्चा असला तर घरात दोन मालक उरत नाहीत. जेलर बीस्टमध्ये जिंकलंय ते फळ, असं आमचं वाचन आहे, आणि पडद्यावर दिसणारं त्यांचं प्रत्येक वागणं याला पुष्टी देतं: हुकूम पाळणं आहे, निर्णय घेणं नाही.

याला आधार म्हणून लूफीच्या टोळीतल्या चॉपरकडे बघा. तोही झोअन, आणि त्याचं उदाहरण मोजमापासकट उपलब्ध आहे. त्याची ‘रंबल बॉल’ गोळी फळाची लहर बिघडवते आणि ३ मिनिटं जास्तीची रूपं देते. नियम: ६ तासांत एकच. दुसरी घेतली तर कोणतं रूप येईल यावर ताबा राहत नाही. एनीस लॉबीत कुमादोरीशी लढताना त्याने तिसरी घेतली. परिणाम: अवाढव्य राक्षस, ज्याला मित्र कोण आणि शत्रू कोण हे कळत नाही. साथीदार फ्रँकीने त्याला समुद्रात ढकललं तेव्हा तो शांत झाला, कारण समुद्र फळाची ताकद शोषून घेतो. आकार वाढला, ताकद वाढली, चॉपर हरवला. चॉपर परत आला आणि पुढे दोन वर्षांच्या काळात त्याने तेच रूप शुद्धीवर राहून वापरायला शिकून घेतलं. जेलर बीस्ट मात्र त्या अवस्थेतच नोकरीला आहेत. त्यांना समुद्रात ढकलणारं कोणी नव्हतं, आणि असतं तरी तुरुंगाला ते नको होतं.

उलट टोकाला लूफीचा गिअर ५. तोही अवेकन झालेला झोअन, पौराणिक प्रकारातला, आणि तिथे माणूस हरवत तर नाहीच, उलट इतका मोकळा होतो की हसू आवरत नाही. ॲनिमेत हे १०७१ व्या भागात, ६ ऑगस्ट २०२३ ला आलं. तो भाग पाहून झाल्यावर एकदा मागे जाऊन मिनोटॉरस बघा. एकाच घटनेची दोन टोकं दिसतील.

नरकाचे रखवालदार

या पर्वात जपानी बौद्ध परंपरेतला नरक ठायी ठायी आहे, आणि आपल्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल, कारण मुळात तो इथूनच तिकडे गेला. लेव्हल १ ची धारदार पानांची झाडं म्हणजे आपल्या पुराणांतलं असिपत्रवन. लेव्हल ४ चं नाव तापवणाऱ्या नरकाचं, बौद्ध ग्रंथांतला तपन. सगळ्यात खालच्या मजल्याच्या नावात अवीचीची छाया आहे, जिथे यातनेला खंड नाही. १० व्या शतकात गेन्शिन नावाच्या जपानी भिक्षूने या नरकांचं सविस्तर वर्णन लिहिलं आणि ते जपानी चित्रांत, कथांत मुरलं. त्या नरकाच्या दारात दोन रखवालदार असतात, एक बैलाच्या डोक्याचा, गोझू, आणि एक घोड्याच्या डोक्याचा, मेझू. हातात काटेरी गदा. मिनोटॉरसच्या हातातली काट्यांची गदा त्यांचीच आठवण करून देते, आणि झेब्रा हा घोड्याच्या कुळातलाच. नावाचा अर्धा भाग ग्रीक मिनोटॉरचा, क्रीटच्या भूलभुलैयात कोंडलेल्या बैलमाणसाचा. यात एक गोष्ट महत्त्वाची: मिनोटॉर स्वतःही कैदीच होता. कैद्याचाच पहारेकरी केलाय.

बिघडलं कुठे

इम्पेल डाउनमधून आधी एकच माणूस सुटला होता, शिकी, साधारण २० वर्षांपूर्वी, आणि तोही स्वतःचे पाय कापून आणि हवेत तरंगून. म्हणजे व्यवस्था चांगलीच चालत होती. लूफीच्या वेळी ती का कोसळली याची कारणं एकावर एक साचत गेली.

पहिलं, दिशा. सगळी रचना आतून बाहेर जाणाऱ्याला अडवायला आहे. लूफी कैदेतल्या आपल्या भावाला सोडवायला बाहेरून आत आला, तुरुंगाच्या भेटीला आलेल्या बोआ हँकॉकच्या कपड्यांत लपून. झडतीच्या खोलीत हँकॉकने पहारेकरी डोमिनोला आणि पाळत ठेवणाऱ्या डेन डेन मुशी या गोगलगायीला थोडा वेळ दगड केलं आणि तो निसटला. तो लेव्हल १ वर आला तेव्हा उपाशी नव्हता, गोठलेला नव्हता, भाजलेला नव्हता. पहारेकरी अर्धमेल्या माणसाची वाट बघत होते आणि समोर ताजातवाना माणूस आला.

दुसरं, तो खाली जात होता. वर पळणाऱ्याला मजल्यामजल्यावर दार अडवता येतं. खाली पडणाऱ्याला कसं अडवणार? लेव्हल २ वर स्फिंक्सच्या धुमाकुळात जमीनच खचली आणि लूफी व त्याला वाटेत मिळालेले कैदी लेव्हल ३ वर आदळले. तिथे मिनोटॉरस समोर आला. इथे तुकडीची खरी किंमत दिसते: बगी आणि मिस्टर ३ हे फळ खाल्लेले, बॉन क्ले कसलेला लढवय्या, लूफी ३० कोटींचा, आणि तरी एकट्या मिनोटॉरसला पाडायला चौघांना मिळून लढावं लागलं. कमकुवत म्हणून जेलर बीस्ट हरले असं म्हणणाऱ्यांनी हा भाग पुन्हा पाहावा.

तिसरं, पाळतीतलं भोक. लेव्हल ५ च्या थंडीत डेन डेन मुशी टिकत नाहीत, म्हणून तिथे पाळतच नाही. आणि लेव्हल ५ व ६ च्या मधे एक पोकळी आहे, ५.५, जिथे गायब झालेले कैदी इवान्कोव्ह नावाच्या कैद्याच्या छायेखाली सुखाने राहतात. ती पोकळी मॉर्ली नावाच्या कैद्याने फार पूर्वी खणली. तो जायंट होता. जगाला वाटलं माणसं थंडीने मेली किंवा भुतांनी नेली. पहारेकऱ्यांनी मोजणी केली, कारण शोधलं नाही. विषबाधेतून मरायला टेकलेला लूफी इथेच वाचला, आयुष्यातली १० वर्षं देऊन.

चौथं, सगळे एकदम सुटले. लेव्हल ६ वर जिना बंद करून झोपेचा वायू सोडला, ही योग्य चाल होती. पण इवान्कोव्हचा साथीदार इनाझुमा याने छतच कापलं. क्रोकोडाइल आणि जिन्बे बाहेर आले. आता जेलर बीस्टसमोर एक कैदी नव्हता. लेव्हल ६ चे दोन दिग्गज, लूफी, इवान्कोव्ह आणि वाटेत उघडलेल्या कोठड्यांमधले शेकडो होते. आणि सादीला इवान्कोव्हने अडकवून ठेवलं. ज्या तुकडीला स्वतःचं डोकं नाही, तिचा चालक गुंतला की तुकडी समोर दिसेल त्यावर धावत राहते. मागे हटून जिना धरावा, एकेकाला वेगळं पाडावं, मॅजेलन येईपर्यंत वेळ काढावा, असं काही सुचायला ज्याची गरज असते ते अवेकनिंगने काढून घेतलेलं.

पाचवं, घरभेदी. मॅजेलनने नाइलाजाने तुरुंगाच्याच कोंडलेल्या अधिकाऱ्याला, शिर्यूला, कोठडीतून काढून तलवार दिली. त्याने आपल्याच शिपायांना कापलं. त्याच वेळी ब्लॅकबिअर्ड नावाचा समुद्री चाचा वरच्या दारातून आत आला. मॅजेलनने त्याच्या टोळीला विषाने लोळवलं, पण शिर्यूने त्यांना उतारा दिला. मॅजेलन एक आणि आघाड्या दोन.

शेवटचं दार होतं गेट्स ऑफ जस्टिसचं. ते उघडायचा हुकूम मॅजेलनच्या तोंडून आला आणि लोकांनी पाळला. तो मॅजेलन नव्हता, त्याचा चेहरा घेतलेला बॉन क्ले होता, जो दार उघडण्यासाठी मागे थांबला. हुकूम कोण देतंय हे न तपासता हुकूम पाळायची सवय खालपासून वरपर्यंत एकच होती. एकूण २४१ कैदी सुटले.

एनीस लॉबीचे दोन जायंट

आता दुसरी जोडी. एनीस लॉबी हे न्यायाचं बेट, जिथे रात्र होत नाही. मुख्य दारावर ओइमो आणि काशी, एल्बाफचे दोन जायंट. त्यांचे कप्तान डोरी आणि ब्रोगी एका बेटावर द्वंद्वयुद्धासाठी थांबले आणि परतलेच नाहीत. हे दोघं त्यांना आणायला निघाले आणि पकडले गेले. सरकारने त्यांना सांगितलं: तुमचे कप्तान आमच्या कैदेत आहेत, १०० वर्षं दार राखा, मग सोडू. ३०० वर्षं जगणाऱ्याच्या आयुष्याचा हा तिसरा हिस्सा. त्यांनी ५० वर्षं इमानाने काढली.

सगळं खोटं होतं. डोरी आणि ब्रोगी लिटल गार्डनवर मोकळे होते आणि ज्वालामुखी फुटला की नेमाने लढत होते. लूफीच्या टोळीतला उसॉप त्यांना प्रत्यक्ष भेटलेला होता. त्याने ओइमो आणि काशीला ते सांगितलं, आणि दार राखणारे दोघं रडत रडत त्याच क्षणी बाजू बदलून आत घुसले. ज्या बेटात ८०० वर्षं कोणी जबरदस्तीने शिरलं नव्हतं, तिथे दरवाजा फुटला तो चार वाक्यांनी.

दोन्ही ठिकाणी सरकारला लागलेला गुण एकच: पहारेकऱ्याने विचारू नये. एनीस लॉबीत त्यासाठी खोटं सांगितलं. खोट्याची अडचण अशी की खरं सांगणारा कधीतरी येतो. इम्पेल डाउनमध्ये ऐकून घेणारंच काही शिल्लक ठेवलं नाही, त्यामुळे मिनोटॉरसला कोणी फितवू शकत नाही, पण कोणी शहाणंही करू शकत नाही. तिसरं उदाहरण नौदलाचा जायंट व्हाइस ॲडमिरल सॉल. त्याने ओहारा बेटावरच्या अभ्यासकांबाबतचा हुकूम पाळायचं नाकारलं, नोकरी सोडून पळाला आणि लहानग्या रॉबिनला वाचवायला युद्धनौकांवर तुटून पडला. विचारणारा जायंट सरकारला किती महाग पडतो हे त्यांना ओहारात कळलं होतं.

आणि याच तुरुंगात एक माणूस असा होता ज्याला आपण कशासाठी उभे आहोत हे पक्कं ठाऊक होतं. हॅन्याबल. लेव्हल ४ च्या दारात तो लूफीसमोर उभा राहिला. त्याच्याकडे मोठं फळ नाही, मिनोटॉरससारखं अंग नाही. मार खाऊन रक्तबंबाळ झाला आणि तरी हटला नाही. बाहेर साधी माणसं या तुरुंगाच्या भरवशावर झोपतात, तू तुझ्या भावासाठी या सगळ्यांना मोकळं सोडलंस तर त्यांचं काय, हा त्याचा प्रश्न होता, आणि लूफीकडे त्याला उत्तर नव्हतं. या पर्वातला सगळ्यात चांगला पहारेकरी तो, चौघा महाकायांपेक्षा कितीतरी चांगला. त्याला शेवटी लूफीने नव्हे, ब्लॅकबिअर्डने चिरडलं.

दोन वर्षांनंतर हॅन्याबल वॉर्डन झालेला दिसतो आणि मॅजेलन त्याच्या हाताखाली. जेलर बीस्टही पुन्हा कामावर आहेत, आता एक मिनोचिवावाही आलाय. म्हणजे तुरुंगाने माणूस बदलला, तुकडीची पद्धत बदलली नाही.

पाहायचं असेल तर

ॲनिमे २० ऑक्टोबर १९९९ पासून चालू आहे, त्यामुळे सगळं सलग पाहायला वेळ नसेल तर एवढं पुरेल: एनीस लॉबी भाग २६४ ते ३१२, इम्पेल डाउन ४२२ ते ४२५ आणि मग ४३० ते ४५२. मधले ४२६ ते ४२९ या गोष्टीचे नाहीत, ते सोडले तरी चालतात. मांगा वाचणाऱ्यांसाठी इम्पेल डाउन प्रकरण ५२५ ते ५४९. एनीस लॉबी आधी पाहा. चॉपरचा राक्षस आणि ओइमो-काशी डोक्यात ताजे असले की मिनोटॉरस पहिल्यांदा गदा उचलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे लक्ष जातं. आणि लेव्हल ४ वर क्रोकोडाइल बोलायला लागला की आवाज वाढवा.